माझं म्हणणं कुठे विचारलंय?

रात्री उशिरा भाचीचा मेसेज आला. "मावशी, उद्या असाइनमेंट सबमिट करायचीय. जरा नजर टाकशील का? फक्त शुद्धलेखन बघ." सोबत फाइल जोडलेली. विषय होता, 'ग्रंथालयांची गरज संपली आहे का? चर्चा करा.' मी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. "आजच्या धावपळीच्या व डिजिटल युगात ग्रंथालयांचे महत्त्व अनन्यसाधारण आहे." इथून सुरुवात. मग ग्रंथालयांचा इतिहास, मग प्रकार, मग फायदे, मग इंटरनेटचे फायदे, लगेच इंटरनेटचे तोटे, आणि शेवटी अपेक्षेप्रमाणे "अशा प्रकारे ग्रंथालये व तंत्रज्ञान यांचा समतोल साधणे ही काळाची गरज आहे." शुद्धलेखन बरं होतं. शब्दमर्यादा काटेकोर पाळलेली. वाक्यंही सरळ, कुठे अडखळायला होत नव्हतं. पण सगळं वाचून झाल्यावर या मुलीला नक्की काय वाटतं, याचा मला काही केल्या पत्ता लागेना. शेवटी फोनच लावला. "ठीक आहे गं सगळं, पण तुझं म्हणणं काय आहे? गरज संपलीय की नाही?" पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग ती अगदी मनापासून गोंधळून म्हणाली, "माझं म्हणणं? ते कुठे विचारलंय?"

त्यात उर्मटपणा असता तर मी दोन शब्द सुनावून विषय संपवला असता. तो नव्हता, म्हणून ते वाक्य डोक्यातून जाईना. आधी चीड आली, मग हसू आलं, मग जरा वाईटच वाटलं. कारण तिच्या बाजूनं पाहिलं तर तिचं बरोबरच होतं. इतकी वर्षं तिला तिचं म्हणणं विचारलंच होतं कोणी? प्रश्नाला गुण किती ते बघायचं, तितके मुद्दे लिहायचे. सुरुवातीला एखादा सुविचार, मध्ये फायदे-तोटे, शेवटी समतोल. एकदा या साच्यावर हात बसला की विषय कोणताही येवो, पान भरतं. मग कॉलेज सुरू होतं आणि अपेक्षा बदलते, फक्त ती बदलली आहे हे कोणी तोंडानं सांगत नाही. प्रश्नांची क्रियापदं तेवढी बदललेली असतात. 'माहिती लिहा'च्या जागी 'चर्चा करा', 'चिकित्सा करा', 'या मताशी आपण कितपत सहमत आहात' असं येतं. मुलं ते वाचतात आणि 'माहिती लिहा' असं समजून लिहायला बसतात.

काही काळ मी असे निबंध तपासलेही आहेत. ते काम केल्याशिवाय त्यातला कंटाळा कळत नाही. पहिले चार-पाच निबंध तुम्ही इमानदारीनं वाचता. नंतर नजर आपोआप ठरावीक जागी जाऊन थांबू लागते, पहिली ओळ, उपशीर्षकं, शेवटचा परिच्छेद. 'आजच्या युगात', 'नाण्याच्या दोन बाजू', 'काळाची गरज'. मधल्या पानांवर मुलांनी केलेली मेहनत दिसत असते, अक्षर वळणदार, समास आखलेला, आणि तरी हातातलं लाल पेन पेंगत असतं. अशा गठ्ठ्यात एकदा एक कागद लागला होता. अक्षर गिचमिड, दोन ठिकाणी खाडाखोड. तिसऱ्या परिच्छेदात त्या मुलानं एका लेखकाचं मत नीट मांडलं होतं आणि पुढे लिहिलं होतं, "हे मला आधी पटलं होतं, पण याच लेखकाचं पुढचं उदाहरण त्याच्याच विरुद्ध जातं." मी सरळ होऊन बसले. मागे जाऊन ते उदाहरण पुन्हा वाचलं. तो मुलगा पूर्ण बरोबर होता असंही नाही, पण त्या पानावर कोणीतरी विचार करत होतं आणि मला त्याच्यामागून जावंसं वाटत होतं.

भाचीशी त्या रात्री आणखी थोडं बोलणं झालं. मी म्हटलं, तो प्रश्न पुन्हा वाच, अगदी एकेक शब्द. ग्रंथालय म्हणजे तू काय धरलंस? पुस्तकांचा साठा, की चार भिंती आणि खुर्च्या? गरज म्हणजे कोणाची? ज्याच्या खिशात पुस्तकं विकत घ्यायला पैसे आहेत त्याची, की ज्याला घरात कोपरा नाही त्याची? आणि 'संपली' म्हणताना विचारणाऱ्यानं गृहीत काय धरलंय? ती कंटाळली होती, ते ऐकू येत होतं. म्हणून मी सहज विचारलं, "तू स्वतः शेवटची ग्रंथालयात कधी गेली होतीस?"

"रोजच जाते की."

"पुस्तकं आणायला?"

"छे गं. पुस्तकं सगळी फोनवर आहेत. बसायला जाते. घरी अभ्यास होत नाही."

"मग हे निबंधात कुठे आहे?"

"हे? हे कशाला लिहायचं?"

तिच्या हातात उत्तर होतं आणि तिनं ते बाहेर ठेवून दार लावून घेतलं होतं. रोज ग्रंथालयात जाणारी, तिथलं एकही पुस्तक न उघडणारी मुलगी ग्रंथालयांच्या गरजेवर निबंध लिहिते आणि त्यात ग्रंथालयांचे प्रकार सांगते! मला या गोष्टीची गंमत वाटते आणि त्रासही होतो. आपल्या रोजच्या जगण्यातलं काही असाइनमेंटच्या लायकीचं असू शकतं, हे मुलांच्या मनातच येत नाही. निबंध म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजात, 'महत्त्वाचे' आणि 'अनन्यसाधारण' असे शब्द वापरून बोलायची जागा, अशी समजूत पक्की झालेली असते. अर्थात 'मी जाते, मला आवडतं' एवढ्यावर निबंध उभा राहत नाही, तो मेसेज झाला. पण तिथून प्रश्न मिळतो. माझ्यासारखे किती जण फक्त बसायला येत असतील? तसं असेल तर पुस्तकांवरचा खर्च आणि जागेवरचा खर्च, कशाला झुकतं माप द्यायचं? ज्या ग्रंथालयात कोणी पुस्तक मागत नाही त्याला ग्रंथालय म्हणावं का? असा प्रश्न घेऊन वाचायला बसलं की वाचनाचा सूरच बदलतो. चाळीस पानांच्या प्रकरणातली आपल्या कामाची चार पानं डोळ्यांना सापडतात. प्रश्न नसेल तर चाळीसच्या चाळीस पानं सारखीच महत्त्वाची वाटतात, आणि मग ती सगळी पिवळी होतात.

हायलायटरबद्दल माझ्या मनात जुनी अढी आहे. वाचनकक्षातली ती परिचित दृश्यं आठवा. ट्यूबलाइटची बारीक गुणगुण, खुर्ची सरकवल्याचा कर्कश आवाज, आणि समोरच्या टेबलावर कोणीतरी टोपण काढून ओळीमागून ओळ रंगवतंय. स्पिरिटचा तो किंचित गोडसर वास. रंगवताना फार बरं वाटतं, काम पुढे सरकतंय असं वाटतं. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. त्यात अधोरेखन आणि पुन्हापुन्हा वाचणं या विद्यार्थ्यांच्या सर्वात लाडक्या दोन पद्धती तळाच्या रांगेत बसल्या. वर राहिल्या त्या दोन कंटाळवाण्या गोष्टी, स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास अनेक दिवसांवर पसरवणं. कोणाच्याही आजीनं फुकटात सांगितलं असतं, असं म्हणायचा मोह होतो. पण आजीनं 'पुन्हापुन्हा वाच' हेही सांगितलंच असतं.

हॉस्टेलवर माझी एक मैत्रीण होती. ती पुस्तक मिटायची, पलंगावर उपडं टाकायची आणि व्हरांड्यात येरझाऱ्या घालत भिंतीशी बोलायची. हातवारे करायची, मध्येच थांबायची, कपाळावर हात मारून खोलीत पळायची, पान उघडून बघायची, परत बाहेर. आम्ही तिला हसायचो. आमच्या वह्या रंगीबेरंगी, आमच्याकडे सिनिअरच्या नोट्सच्या झेरॉक्स, आणि ही बया भिंतीला शिकवतेय. तिच्या चेहऱ्यावर कायम एक वैताग असायचा, कारण तिला सतत काहीतरी आठवत नसायचं. आम्ही मात्र निवांत. वाचताना सगळं ओळखीचं वाटायचं, ओळखीचं म्हणजे येतंय, असा आमचा हिशेब. पुढे बऱ्याच वर्षांनी रोडिगर आणि कार्पिक या दोघांचा २००६ सालचा प्रयोग वाचनात आला आणि मला थेट तो व्हरांडा दिसला. त्यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटानं एकदाच अभ्यासला आणि मग न बघता आठवून, तीन वेळा, कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट पुढे होता, ८३ टक्के विरुद्ध ७१. ज्यांची आठवड्यानं घेतली त्यांच्यात वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि आठवणाऱ्यांना ६१. यातला मला सर्वात आवडणारा भाग असा की आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल याबद्दल जास्त आत्मविश्वास पहिल्या गटालाच होता. आमचा निवांतपणा कुठून येत होता ते कळलं.

परीक्षेसाठी हे ठीक, निबंधाला आठवणीचा काय उपयोग, पुस्तक तर समोर उघडं असतं, असं कोणी म्हणेल. मला वाटतं निबंधाला तो जास्तच आहे. पुस्तक उघडं ठेवून लिहिलं की पुस्तकाचीच वाक्यं शब्द फिरवून उतरतात. पुस्तक मिटून, 'हा माणूस म्हणतोय काय?' एवढं चार ओळींत लिहायचा प्रयत्न करा. दुसऱ्या ओळीपाशी पेन अडतं. तिथेच आपल्याला न समजलेली जागा असते. येल विद्यापीठात लिओन रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी याची छान फजिती करून दाखवली होती, २००२ साली. लोकांना विचारलं, झिप कशी चालते, कुलूप कसं उघडतं, हे तुम्हाला कितपत कळतं? लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग सांगितलं, आता टप्प्याटप्प्यानं लिहा. लिहून झाल्यावर पुन्हा स्वतःला गुण द्यायला सांगितले तर ते घसरले. झिप आपण रोज लावतो. वाटत राहतं की कळतं, कारण ती लागते. वाचलेल्या लेखाचंही तेच होतं. म्हणून निबंध लिहिताना डोकं रिकामं असल्याची जी भावना येते ती मला वाईट लक्षण वाटत नाही. ती आली नाही तर मला शंका येते.

पण ही भावना आदल्या रात्री आली तर तिचं काही करता येत नाही.

आणि ती नेमकी आदल्या रात्रीच येते, कारण लिहायला सुरुवातच तेव्हा होते. आधीचे सगळे दिवस 'मटेरियल गोळा करणं' चालू असतं. टॅब उघडायचे, पीडीएफ उतरवायच्या, फोल्डरला नाव द्यायचं. आळशी मुलंच असं करतात असं नाही, सिन्सिअर मुलं जास्त करतात. पुरेसं वाचून झाल्याशिवाय लिहायचं कसं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते, आणि पुरेसं कधीच होत नाही. वेळेच्या अंदाजाचं तर विचारूच नका. कॅनडात रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रबंध लिहीत असलेल्या ३७ विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचं काम किती दिवसांत पुरं होईल. सरासरी अंदाज आला साधारण ३४ दिवसांचा. मग विचारलं, समजा सगळं बिघडायचं तेवढं बिघडलं, तर? तेव्हा आकडा आला ४९च्या आसपास. प्रत्यक्षात लागले सरासरी साडेपंचावन्न. म्हणजे वाईटात वाईट कल्पना करून ठरवलेली मुदतही कमीच पडली. १९९४ साली छापून आलेला हा अभ्यास आहे, तेव्हा हातात स्मार्टफोनही नव्हते. मला यातून दिलासा मिळतो. ही स्वभावाची खोट नसून माणसाच्या डोक्याची रीतच अशी आहे, तर शपथा घेऊन उपयोग नाही. 'उद्यापासून लवकर सुरू करेन' ही शपथही अंदाजच आहे. त्यापेक्षा विषय हातात पडल्या दिवशीच, काहीही न वाचता, एक पान लिहून टाकावं. चुकीचं, अर्धवट, आपल्या अडाणीपणानं भरलेलं. हे पान कोणाला दाखवायचं नसतं. पण त्यानंतर आपण 'लिहायला सुरुवात' करायची वाट बघत नाही, कारण ती होऊन गेलेली असते.

जागरणाबद्दलही थोडं. रात्रभर जागून केलेल्या कामाला एक नशा असते, ती मी नाकारणार नाही. सगळीकडे सामसूम, एकच दिवा, आणि पहाटे चारला अचानक वाक्यं भराभर सुचायला लागतात. दुपारी तीच वाक्यं वाचून पाहावीत. अर्ध्यांना क्रियापद नसतं. १९२४ साली जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोनच विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. निरर्थक अक्षरं पाठ करायची, मग कधी झोपायचं तर कधी जागं राहायचं, आणि ठरावीक तासांनी किती उरलंय ते पाहायचं. झोपेनंतर जास्त उरत होतं. त्याही आधी, १८८५ मध्ये, हेरमान एबिंगहाउस या जर्मन माणसानं असलीच अक्षरं स्वतःवर वापरली होती, दुसरा कोणी तयारच झाला नसता. त्याला आढळलं की बारा अक्षरसमूहांची एक ओळ आदल्या दिवशी एका बैठकीत ६८ वेळा घोकून जेवढा फायदा होतो, साधारण तेवढाच फायदा आधीच्या तीन दिवसांवर पसरलेल्या ३८ वेळांत होतो. म्हणजे तीस वेळा घोकण्याची मेहनत वाचली. घोकंपट्टीचा मला तिटकारा आहे, पण घोकायचंच असेल तर निदान कमी घोका.

लिहिण्याच्या बाबतीत हे पसरणं आणखी कामाला येतं. आज लिहिलेला परिच्छेद उद्या वाचला की तो कोणा दुसऱ्याचा वाटतो, आणि दुसऱ्याच्या चुका आपल्याला लगेच दिसतात. सोळाव्या शतकातला मोंतेन हा फ्रेंच गृहस्थ निबंध या प्रकाराचा जनक मानला जातो. त्यानं १५८० मध्ये आपले निबंध छापले आणि १५९२ मध्ये मरेपर्यंत तो त्यात भर घालत राहिला. छापील प्रतीच्या समासात त्यानं स्वतःच्या हातानं इतकं लिहून ठेवलंय की काही पानांवर कागद मोकळा दिसत नाही. त्याला सबमिशनची तारीख नव्हती हे खरं. पण आपण लिहिलेलं पुन्हा वाचून त्याच्याशी वाद घालावा, ही सवय तारीख असलेल्यांनाही परवडते. निदान एक रात्र मध्ये जाऊ दिली तरी.

मी स्वतः एक गोष्ट न चुकता करते, ती भाचीलाही सांगितली. कच्चा मसुदा झाला की प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलनं एका ओळीत लिहायचं, हा परिच्छेद सांगतोय काय. 'कशाबद्दल आहे' ते नाही. 'इंटरनेटबद्दल' असं लिहून चालणार नाही, 'इंटरनेटमुळे पुस्तक मिळवणं सोपं झालं, पण बसायची जागा मिळाली नाही' असं पूर्ण वाक्य हवं. मग फक्त त्या पेन्सिलीच्या ओळी वाचायच्या, वरून खाली. ज्या परिच्छेदापुढे ओळ लिहिता येत नाही तो बहुधा शब्दमर्यादेसाठी घातलेला असतो. दोन परिच्छेदांपुढे एकच ओळ येत असेल तर एक जातो. क्रम विचित्र वाटला तर इथेच कळतो. तिच्या निबंधावर तिनं हे करून पाहिलं तेव्हा पहिल्या चार परिच्छेदांपुढे तिला काही लिहिताच येईना. "हे तर नुसतं आहे," ती म्हणाली. 'नुसतं आहे' हा शेरा मी तपासायला बसायचे तेव्हा मला सुचला असता तर फार उपयोगी पडला असता. प्रस्तावना शेवटी लिही, हेही सांगितलं. आपण कुठे पोचणार आहोत हे ठाऊक नसताना लिहिलेल्या प्रस्तावनेत युगाशिवाय दुसरं काय येणार?

उतारे टिपून घेताना एक दक्षता मात्र पहिल्या दिवसापासून हवी. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं घेतलं की त्याच क्षणी अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक. नंतर टाकू म्हटलं की आठवड्यानं कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं पुस्तकातलं हे ओळखू येत नाही. वाङ्मयचौर्याच्या कितीतरी प्रकरणांत आधी चोरी नसते, आधी गबाळी वही असते. तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला हा फरक कळत नाही, आणि रागावलेल्या प्राध्यापकांनाही.

आणि यंत्राचं बोलायलाच हवं, कारण नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून कॉलेजच्या निबंधावरची कुठलीही चर्चा तिथेच येऊन धडकते. भाचीनं तो निबंध स्वतः लिहिला होता, यावर माझा विश्वास आहे. मला खटकलं ते वेगळंच. तिनं स्वतः, मेहनत करून, यंत्राला काही सेकंदांत जमेल असंच लिहिलं होतं. फायदे, तोटे, समतोल, काळाची गरज. यात तिचा दोष कमी आहे. आपणच मुलांकडून वर्षानुवर्षं असा निबंध घोटून घेतला आणि आता तो दुसऱ्या कोणाला फुकटात येतो म्हणून आपण घाबरलोय. यंत्राला काय विचारावं याबद्दल माझी मतं अजून पक्की नाहीत. 'माझ्या म्हणण्यावर तीन कडक आक्षेप घे' असं विचारणाऱ्या मुलाला मी अडवणार नाही, कारण त्याआधी त्याला काहीतरी म्हणावं लागलेलं असतं. पण पहिलं कच्चं पान दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं तर आपण कुठे अडतो हे कळायची संधीच जाते, आणि ती परत मिळत नाही. नीटस परिच्छेद एकदा समोर आला की त्याच्याशी भांडायचं धैर्य विशीतल्या मुलांत सहसा नसतं. माझ्यातही नसतं, खरं तर.

या सगळ्यात मुलांना सल्ले देऊन झाले की आम्ही शिकवणारे-तपासणारे सुटतो, हे मला पटत नाही. निबंध परत मिळतो तेव्हा काय होतं ते पाहा. समासात लाल शाईत लिहिलेलं असतं, 'अधिक स्पष्ट करा', 'आधार?', 'मुद्दा चांगला, पुढे न्या.' कोपऱ्यात गुण. मुलं गुण बघतात, शेजारच्याचे बघतात, कागद घडी घालून बॅगेत टाकतात. त्यांना तरी काय म्हणायचं? 'पुढे न्या' म्हणजे कुठे न्या? निबंध तर संपला, पुढचा विषय वेगळा. रूथ बटलर या इस्रायली संशोधिकेनं १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर एक अभ्यास केला होता. काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा आणि गोडी दिसली ती फक्त शेरे मिळालेल्या मुलांत. दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांच्याच रांगेत जाऊन बसली. म्हणजे गुणांशेजारी लिहिलेला शेरा बहुतेक वाया जातो. किती लाल पेनं अशी संपली असतील!

माझ्या हातात असतं तर मी निबंध दोनदा मागवला असता. पहिल्या खेपेला फक्त शेरे, गुण नाहीत. दुसऱ्या खेपेला गुण, आणि तेही दोन मसुद्यांमध्ये काय बदललं त्याला. शब्द बदलले, शुद्धलेखन सुधारलं, यांना थोडे. म्हणणं बदललं, किंवा मुळात म्हणणं आलं, त्याला भरपूर. सत्रात चार निबंध घेण्याऐवजी दोनच घ्या, पण असे घ्या. ही कल्पना मी एका प्राध्यापक मित्राला ऐकवली. तो म्हणाला, "वर्गात किती मुलं असतात माहितीये ना? दोनदा तपासायचं म्हणजे सुट्टी गेली आमची." त्याचंही खरं आहे. शेरे वाचले जातील याची खात्री असती तर त्यानं सुट्टी घालवली असती का, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण त्याच्या टेबलावरचा गठ्ठा पाहून मी गप्प बसले. वरच्याच निबंधाची पहिली ओळ मला उलटी, पलीकडच्या बाजूनंही वाचता आली. 'आजच्या' इथून सुरू होत होती.